वस्तरा आणि हात : अष्टपरिष्कारातील एका वस्तूचा इतिहास

श्रामणेर शिबिराची तयारी करताना आम्ही नेहमी एक यादी करतो. चीवर, भिक्षापात्र, आसने, पाणी गाळण्याचे वस्त्र, औषधे अशा क्रमाने ती पुढे सरकते आणि वस्तऱ्याचे नाव तिच्या अगदी शेवटी येते. नंदुरबार तालुक्यातील तापीकाठच्या एका गावी शिबिराची अशीच तयारी चालली असताना ऐंशी वर्षांच्या पुढचे एक उपासक आमच्याजवळ आले. त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आमच्यापुढे ठेवली. फडके उलगडले तेव्हा आत शिंगाच्या मुठीचा एक जुना, घडीचा वस्तरा निघाला. "नातवाचं डोकं याच वस्तऱ्यानं व्हावं, एवढीच इच्छा आहे, भाऊ," असे ते म्हणाले.

जवळ बसलेल्या तरुणांना हसू आवरेना. एक जण म्हणाला, "आजोबा, आता सलूनमध्ये दर माणसाला नवं पातं लावतात. हा गंजका वस्तरा कशाला?" त्या तरुणाचे म्हणणे आरोग्याच्या दृष्टीने बरोबर होते. पण आजोबांचा आग्रहही निव्वळ हट्ट नव्हता, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून उमगले. त्यांच्या वडिलांनी हा वस्तरा आठवड्याच्या बाजारातून पारखून आणला होता, कारण गावचा न्हावी त्यांच्या वस्तीच्या डोक्याला हात लावीत नसे. सगळ्या वस्तीची श्मश्रू या एका वस्तऱ्याने होत असे.

शिबिरासाठी कोणता वस्तरा निवडावा, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापुढे उभा राहिला. वरवर पाहता तो क्षुल्लक आहे. परंतु वस्तरा कोणाच्या मालकीचा, कोणाच्या हातात आणि कोणाच्या गालावर, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास आपल्या समाजाचा बराच इतिहास हाती लागतो. प्रस्तुत लेखात आम्ही तेच करणार आहोत.

१. शब्द आणि लोखंड

'वस्तरा' हा शब्द मूळ फारसी 'उस्तुरा' या शब्दावरून मराठीत आला. त्याआधी या वस्तूला संस्कृतात 'क्षुर' आणि पालीत 'खुर' म्हणत. आपण आजही वापरतो तो 'क्षौर' हा शब्द त्याच 'क्षुर' पासून झाला आहे. 'न्हावी' या शब्दाचे मूळ तर अधिक उद्बोधक आहे. पालीत न्हाव्याला 'नहापित' म्हणतात आणि त्याचा संबंध न्हाऊ घालण्याशी आहे. म्हणजे ज्याच्या हातून माणूस स्वच्छ होतो तो नहापित. स्वच्छता देणाऱ्याच्या धंद्यालाच पुढे हीन लेखले जावे आणि त्याच्या हातची स्वच्छता काही माणसांना नाकारली जावी, हा आपल्या समाजव्यवस्थेचा मोठाच विरोधाभास म्हणावा लागेल.

धारदार पात्याने केस काढण्याची कला भारतात फार प्राचीन आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात तांब्याचे वस्तरे सापडले आहेत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यापुरते बोलायचे तर शहादा तालुक्यात तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशे येथे भारतीय पुरातत्त्व विभागाच्या वतीने बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ साली उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या वरच्या थरात लोहयुगाचे अवशेष मिळाले. यावरून इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत, म्हणजे धम्माचा प्रसार होत होता त्याच काळाच्या आसपास, तापीच्या खोऱ्यातील माणसाला लोखंड घडविता येत होते हे स्पष्ट होते. धार देण्याची विद्या या भूमीला परकी नाही.

२. विनयातील वस्तरा

भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंना अष्टपरिष्कार म्हणतात. तीन चीवरे, पात्र, कमरबंद, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि 'वासि' अशा त्या आठ होत. यांतील 'वासि' या शब्दाचा मूळ अर्थ लहान तासणी किंवा सुरी असा आहे आणि अट्ठकथेत तिचा उपयोग दातवण कापण्यासारख्या कामांसाठी सांगितला आहे. पुढील परंपरेत मात्र 'वासि' म्हणजे वस्तरा हाच अर्थ रूढ झाला आणि आज सर्व थेरवादी देशांत अष्टपरिष्कारांत वस्तराच दिला जातो.

वस्तऱ्याची प्रत्यक्ष अनुज्ञा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, खुद्दकवत्थुक्खंधकात आढळते. भिक्खूंचे केस वाढलेले पाहून भगवंतांनी विचारले की, भिक्खूंना एकमेकांचे केस काढता येतात काय? येतात, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी वस्तरा, वस्तऱ्याला धार लावण्याचा दगड, वस्तऱ्याचे म्यान, नमदा आणि क्षौराचे सर्व साहित्य बाळगण्यास अनुमती दिली. केस दोन महिन्यांहून अधिक काळ अथवा दोन बोटांहून अधिक लांब ठेवू नयेत, असाही नियम झाला. दाढीला बोकडाच्या दाढीचा किंवा चौकोनी आकार देऊन मिरविण्यास मनाई झाली. वस्तरा हवा तो स्वच्छतेसाठी, नटण्यासाठी नव्हे, एवढा त्याचा आशय.

या प्रसंगात एक शब्द आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे 'अञ्ञमञ्ञं', एकमेकांचे. भगवंतांनी केवळ साधनाची चौकशी केली नाही. आधी हाताची चौकशी केली, मग साधन दिले. वस्तरा बाळगणारा प्रत्येक जण दुसऱ्यासाठी न्हावी झाला आणि दुसऱ्याच्या हाताखाली मान वाकविणाराही झाला. ब्राह्मण कुळातून आलेल्या भिक्खूचे डोके चांडाळ कुळातून आलेल्या भिक्खूने करावे यात संघाला काही वावगे वाटण्याचे कारणच उरले नाही.

संमतीचा विचारही विनयात आहे. महावग्गानुसार एक लोहाराचा मुलगा आईवडिलांशी भांडून विहारात आला आणि प्रव्रजित झाला. या प्रसंगानंतर प्रव्रज्येसाठी मुंडन करण्यापूर्वी संघाला विचारावे, असा नियम झाला. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून मातापित्यांची अनुमतीही आवश्यक ठरली. म्हणजे वस्तरा कोणाच्याही डोक्यावर चोरून अथवा बळाने ठेवावयाचा नाही.

३. उपालि आणि आतुमेचा वृद्ध भिक्खू

धम्माच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध न्हावी म्हणजे उपालि. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा जण प्रव्रज्येसाठी निघाले तेव्हा उपालि त्यांच्याबरोबर होते. सीमेपलीकडे गेल्यावर त्यांनी आपले अलंकार उपालींना देऊन परत पाठविले. पण हे अलंकार घेऊन गेलो तर कुमारांना यानेच घालविले असे समजून शाक्य आपला जीव घेतील, हे ओळखून उपालींनी ते गाठोडे झाडाला टांगले आणि तेही मागोमाग गेले. अनुपिय येथे भगवंतांपुढे आल्यावर त्या सहा जणांनी स्वतःच विनंती केली की, आम्ही शाक्य अभिमानी आहोत, तेव्हा आमच्या या सेवकाला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी विनयाचे प्रश्न उपालींनाच विचारले. परंपरेनुसार पाहता वस्तऱ्याविषयीचे नियमही एका पूर्वीच्या न्हाव्याच्या मुखातून संघाच्या स्मरणात कायम झाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पददलितांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण उपालीपासूनच सुरू केले आहे.

दुसरी कथा कमी परिचित आहे. आतुमा येथे उतारवयात प्रव्रजित झालेला एक भिक्खू होता. तो पूर्वाश्रमीचा न्हावी, आणि त्याचे दोन मुलगे त्याच विद्येत निपुण. भगवंत संघासह येत आहेत असे कळल्यावर त्याने मुलांना क्षौराचे साहित्य देऊन घरोघर पाठविले आणि त्या कामाच्या मोबदल्यात मीठ, तेल, तांदूळ गोळा केले. भगवंतांनी याचा निषेध केला आणि नियम घालून दिला की, जो पूर्वी न्हावी होता त्या भिक्खूने क्षौराचे साहित्य बाळगू नये.

प्रथमदर्शनी हा नियम अन्यायाचा वाटेल. सर्वांना वस्तरा चालतो, मग न्हाव्यालाच का नको? अट्ठकथाकार स्पष्टीकरण देतात की, त्याने दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तऱ्याने केस काढण्यास हरकत नाही. साहित्य जवळ बाळगणे आणि वेतन घेऊन ते काम करणे तेवढे वर्ज्य आहे. आमच्या मते यातील हेतू असा की, संघात आलेल्या माणसाचा जन्माचा धंदा त्याच्या मागोमाग संघात येऊ नये. एकाच कुळातील माणसावर सर्वांची श्मश्रू करण्याचे काम पडले असते तर विहारातही न्हावीवाडा तयार झाला असता. त्याच दृष्टीने पाचित्तिय नियमांत, भिक्खूला त्याच्या जातीवरून किंवा धंद्यावरून हिणविणे हा दोष ठरविला आहे आणि त्या काळी हीन गणलेल्या धंद्यांच्या यादीत तेथे न्हाव्याच्या धंद्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

४. नाकारलेला वस्तरा, लादलेला वस्तरा

आता विहारातून गावगाड्यात येऊ. महाराष्ट्रातील खेड्यात न्हावी बलुतेदार होता आणि महारही बलुतेदार होता. दोघेही गावाची सेवा करीत आणि सुगीत धान्याचा वाटा घेत. तरीही न्हाव्याच्या धोकटीतील वस्तरा महारवाड्यात येत नसे. अस्पृश्याच्या गालाला लागलेला वस्तरा सवर्णांच्या गालाला चालत नसे आणि तसे करणाऱ्या न्हाव्याचे बलुते धोक्यात येई. तेव्हा याचा सर्व दोष न्हाव्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. तोही त्याच उतरंडीत अडकलेला होता.

बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या बालपणाची एक आठवण लिहून ठेवली आहे. त्यांच्या घरातील मुलांची हजामत त्यांची थोरली बहीण करीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याची हजामत करायला एकही न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण होते. सुभेदार रामजींच्या घरात पैसा होता, साधन होते. नाकारला गेला तो हात. तो हात बहिणीने पुरविला.

याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही तितकीच क्रूर होती. उच्चवर्णीय विधवेच्या डोक्यावर तो तिच्या इच्छेविरुद्ध फिरविला जाई. एकीकडे मागणाऱ्याला नाही आणि दुसरीकडे नको म्हणणारीला सक्ती, असा त्याचा उलटा व्यवहार होता. १८९० साली मुंबईत सत्यशोधक पुढारी व 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी मिळकतीवर पाणी सोडून दिलेला हा नकार महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावा असा आहे. भिक्खुणीचे मुंडन आणि विधवेचे केशवपन दिसायला सारखेच आहेत. पण पहिल्यात स्त्रीची संमती आहे, दुसऱ्यात नाही. विनयाने संमतीला एवढे महत्त्व का दिले, ते येथे कळते.

५. खानदेशातील एक टांगा

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचे सभासद या नात्याने बाबासाहेब खानदेशात आले. धुळे हे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते आणि आजचा नंदुरबार जिल्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. बाबासाहेब एका गावातील सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी धुळ्याकडे आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. स्थानकावरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता, पण अस्पृश्य पाहुण्याला घेऊन टांगा हाकायला कोणीही टांगेवाला तयार होईना. अखेर तोड निघाली. टांगा भाड्याने मिळाला, पण तो हाकायचा महारवाड्यातील माणसानेच. ज्याने लगाम हातात धरला त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेत मोरीजवळ अपघात झाला आणि बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

हा प्रसंग बहुतेक वाचकांना माहीत आहे. येथे तो पुन्हा सांगण्याचे कारण एवढेच की, टांग्याचा व वस्तऱ्याचा न्याय एकच आहे. साधन मिळाले, हात मिळाला नाही. अस्पृश्यतेचे मर्म वस्तू नाकारण्यापेक्षा हात नाकारण्यात अधिक आहे. आणि सराव नसलेल्या हातात साधन आले की त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. टांग्यात हाड मोडते, वस्तऱ्याने गाल कापतो.

म्हणूनच २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत 'दुकान' या शब्दाच्या अर्थावर प्रश्न निघाले तेव्हा बाबासाहेबांनी दिलेला खुलासा आम्हाला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. हा शब्द केवळ आत प्रवेश मिळावा एवढ्या मर्यादित अर्थाने वापरलेला नाही, सेवेच्या अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्कही त्यात अभिप्रेत आहे, असा त्याचा आशय होता. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही संमत झाले. पुढे १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला आणि १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. साताऱ्याच्या त्या बहिणीला जे काम करावे लागले त्याचे उत्तर या खुलाशात आहे.

६. वस्तरा कसा पारखावा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिबिरासाठी नंदुरबार शहरातून जे सलूनचालक आले होते ते नाभिक समाजाचे होते आणि त्यांच्या घरी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. आजोबांचा वस्तरा त्यांनी हातात घेतला आणि पारखून पाहिला. त्यांच्याकडून जे समजले ते, ज्यांना घडीचा वस्तरा निवडायचा आहे अशा वाचकांसाठी, थोडक्यात देत आहोत.

पहिली गोष्ट, पाते सपाट काचेवर आडवे ठेवून पाहावे. पाठ आणि धार दोन्ही एकसारखी टेकली पाहिजेत. मध्येच फट दिसली तर पात्याला पीळ पडला आहे, आणि असा वस्तरा कितीही पाजळला तरी सरळ धार धरीत नाही. दुसरी, गंज पाठीवर असला तर चालतो, धारेला टेकलेला चालत नाही, कारण तेथे पाते आतून खाल्लेले असते. तिसरी, पात्याचा आकार. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले पातळ पाते गालावर हलके चालते, तर जाड पाते राठ केसांना दबत नाही. डोके करायचे असेल तर कानामागील वळणावर फिरेल अशा बेताच्या रुंदीचे पाते घ्यावे आणि टोक गोलसर असावे, म्हणजे नवशिक्याच्या हातून टोचत नाही. चौथी, घडी मिटताना धार मुठीच्या बरोबर मधोमध बसावी. पाचवी, वजन हाताला तोलून पाहावे. वस्तऱ्याने आपल्या भाराने चालावे, हाताने दाबावे लागू नये.

दगडावर पाजळताना पाठ व धार दोन्ही टेकवून धार पुढे ढकलीत नेतात. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे, अन्यथा पट्टाही कापतो आणि धारही जाते. काम झाल्यावर पाते कोरडे करून त्याला तेलाचे बोट लावावे. वस्तरा चांगला की वाईट हे शेवटी त्याच्या निगेवरून ठरते.

पण या सर्व पारखीच्या वर आज एक नियम आहे. एका माणसाला लागलेला वस्तरा दुसऱ्याला लावू नये. भारतात १९८६ साली एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळली. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचाही धोका आहेच. जनजागृती वाढत गेली तशी सलूनमधून अखंड पोलादाचे वस्तरे मागे पडले आणि दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याचा वस्तरा आला. ही सुधारणा अत्यंत योग्य आहे. संपूर्ण वस्तीला एकच वस्तरा, ही त्या काळची मजबुरी होती. तिचा आदर्श करण्याचे कारण नाही.

७. समारोप

आजोबांच्या वस्तऱ्याविषयी त्या सलूनचालकांनी एवढेच म्हटले, "बाबा, लोखंड चांगलं आहे. तुमच्या वडिलांची पारख पक्की होती." मग त्यांनी दगड भिजविला आणि जवळजवळ तासभर तो वस्तरा पाजळला. निर्णय असा झाला की, इतर सर्व श्रामणेरांसाठी दर डोक्याला नवे पाते वापरावे. आजोबांचा वस्तरा पाण्यात उकळून स्वच्छ करावा आणि तो केवळ त्यांच्या नातवाला लावावा, दुसऱ्या कोणालाही नाही.

मुंडनाच्या वेळी श्रामणेराला केस, लोम, नख, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे ध्यान देण्याची परंपरा आहे. माणसाच्या देहावर बाहेरून दिसणारे एवढेच. त्यात जात कोठेच नाही. नातू डोळे मिटून बसला होता, आजोबा समोर होते, आणि ज्या समाजाच्या हातांना त्यांच्या वडिलांच्या काळी त्या वस्तीकडे येण्याची मुभा नव्हती त्याच समाजाच्या हातात त्यांच्या वडिलांचा वस्तरा होता.

काम संपल्यावर शिबिराच्या खर्चातून त्यांचे ठरलेले दाम आम्ही देऊ लागलो. आजोबांनी आम्हाला थांबविले. नातवाच्या डोक्याचे पैसे त्यांनी कनवटीतून स्वतः काढून दिले आणि त्या गृहस्थांनी ते मोजून घेतले. कोणी कोणावर उपकार केले नव्हते. अटी मान्य होत्या, सेवा मिळाली होती, मोल चुकते झाले होते. घटना समितीत 'दुकान' या शब्दाचा जो अर्थ सांगितला गेला तो आम्ही त्या दिवशी विहाराच्या ओट्यावर प्रत्यक्ष पाहिला. वस्तरा पुन्हा फडक्यात गुंडाळून आजोबांनी नातवाच्या नावे विहाराच्या कपाटात ठेवला.